बर्फाची फीत

सरांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार आहे की नाही, याची मला खात्री नाही. त्यांना माझ्याहून अधिक ओळखणारे लोक भंडाऱ्यात आजही आहेत आणि त्यांतले कोणीही हे काम माझ्यापेक्षा नीट करील. पण जी गोष्ट मला सांगायची आहे, ती घडली तेव्हा तिथे आम्ही तिघेच होतो. आणि त्या तिघांपैकी लिहिण्याची हौस, तीही निवृत्तीनंतर, फक्त मला लागली. म्हणून भीत भीत लिहिते आहे.

सर म्हटले की पहिला आठवतो तो त्यांचा मफलर. करड्या लोकरीचा, दोन्ही कानांवरून घट्ट ओढून हनुवटीखाली गाठ मारलेला. वैनगंगेवर धुके बसते त्या दिवसांत आमच्या गावातले निम्मे पुरुष असाच मफलर बांधून हिंडतात, त्यात नवल नाही. सर तो मे महिन्यातही बांधत. बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ झालेले असे, स्टाफरूममधला कूलर पाण्यावाचून नुसती धग फेकत असे, आणि सर मफलरात डोके गुंडाळून शांतपणे उत्तरपत्रिका तपासत बसलेले असत.

"सर, गरमी नाही होत?" कोणीतरी मोठ्याने विचारी. मफलरातून ऐकू जावे म्हणून त्यांच्याशी सगळेच मोठ्याने बोलत.

"होते ना," सर म्हणत. "पण ते उन्हानं होते. मफलरचा त्यात काय दोष?"

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते भूगोल शिकवत आणि मी संस्कृत. मी तिथे रुजू झाले तेव्हा आमच्या जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन फार काळ झालेला नव्हता. भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा जुनाच, अखंड होता. सरांनी त्याच्या पूर्वेकडच्या भागावर स्वतःचा पांढरा रुमाल चार टाचण्यांनी टाचून ठेवला होता. नवा नकाशा मागवू, असे प्राचार्यांनी म्हटले तेव्हा सर म्हणाले, "कशाले पाहिजे? रुमाल लावला का भूगोल, काढला का इतिहास." हा विनोद होता की शैक्षणिक भूमिका, हे प्राचार्यांना कळले नाही. मलाही कळले नाही. सरांच्या बाबतीत माझी ही अवस्था पुढे कायमच राहिली.

आता त्या फितीविषयी सांगायला हवे.

ती कॅसेट सरांनी नागपुरात, सीताबर्डीच्या फुटपाथवर, जुन्या कॅसेटांच्या ढिगातून उचलली होती आणि ती उचलण्यामागे संगीताचा काहीही संबंध नव्हता. तिच्या वेष्टनावर एक चित्र होते: बर्फाच्या भाराने खाली वाकलेली टोकदार झाडे, त्यांच्यामधून जाणारे काळे पाणी, वर राखाडी आकाश. माणूस नाही, पाखरू नाही. अकरावीच्या पुस्तकात सूचिपर्णी अरण्यांचा जो धडा होता, त्यात याहून फार धूसर चित्र होते. वर्गात दाखवायला म्हणून सरांनी ती घेतली. शिक्षक माणूस अशा वस्तूकडे शैक्षणिक साधन म्हणूनच पाहतो.

वेष्टनावर नावही होते, पण ते कोणाला वाचता येत नसे. उपटलेल्या रोपाच्या मुळ्या पसराव्यात तशी ती अक्षरे एकमेकांत गुंतलेली होती. इंग्रजीच्या मॅडमनी चष्मा पुसून पाहिले. हिंदीच्या सरांनी कॅसेट उलटी धरून पाहिली. मलाही विचारण्यात आले, जणू काही ते संस्कृत असण्याची शक्यता होती. मागच्या बाजूचा मजकूर घासून गेलेला, आतला कागद हरवलेला. त्यामुळे ते कोणत्या देशाचे, कोणत्या भाषेचे आणि कोणाचे गाणे आहे, हे आम्हांला शेवटपर्यंत समजले नाही. सर त्याला 'हिवाळा' म्हणत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, त्याला 'भुतायची बारात' म्हणत.

पुष्कळ वर्षांनी मी माझ्या भाच्याजवळ त्या चित्राचे आणि त्या आवाजाचे वर्णन केले. तो म्हणाला, "मावशी, तू आणि ब्लॅक मेटल?" असे संगीत असते, थंड देशांत ते वाजवतात, आणि त्यात एक जरा सुरेल जातही असते, एवढे त्याने मला समजावले. मग फोनवर त्याने अशा वेष्टनांची रांगच दाखवली. सगळीकडे बर्फ, सगळीकडे झाडे, सगळीकडे मुळ्या. आमचे त्यांत नव्हते. "कोणी ऐकलंच नसेल ते," भाचा म्हणाला. "अशी किती निघतात नि हरवतात."

चित्र वर्गात दाखवून झाल्यावर सरांना वाटले, आतले काय आहे तेही मुलांना ऐकवावे. मी शेजारच्या वर्गात 'रामः रामौ रामाः' घेत होते. आधी नुसता वारा ऐकू आला, दूरवर घोंघावणारा. मग भिंतीपलीकडून एकदम असा आवाज उसळला की माझ्या हातातला खडू मोडला. मोहोळ उठावे तशी तंतुवाद्ये, भातगिरणीचा पट्टा सुटल्यासारखा ढोल, आणि त्यांच्यावर कोणीतरी, बहुधा माणूसच, घसा फाडून ओरडत होता.

मी दारात गेले तेव्हा प्राचार्यही धावत येत होते. वर्गात मुले दोन्ही हातांनी कान झाकून हसत होती. सर फळ्याशी निश्चल उभे होते.

"सर, हे कोणाले मारून राहिले जी?" एका मुलीने विचारले.

"कोणाले नाही," सर म्हणाले. "त्याले थंडी वाजून राहिली. उणे चाळीस अंश. पुस्तकात वाचून ते कळत नाही बेटा, ऐकावं लागते."

प्राचार्यांनी टेपरेकॉर्डर बंद केला. "हे अभ्यासक्रमात आहे काय?"

"थंडी आहे ना, सर."

"आणि हा आवाज?"

"थंडीचाच."

प्राचार्य काही वेळ त्यांच्याकडे, मग मफलराकडे पाहत राहिले आणि निघून गेले. मला जे लक्षात राहिले ते पुढचे. मुले गेल्यावर सर कॅसेट काढताना स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाले, "आज ती आलीच नाही." कोण, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

ती म्हणजे एक चाल होती. हे मला पुढे एका हिवाळ्यात कळले.

सरांचे घर नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होते. त्या गल्लीत एके काळी घरोघरी पितळेची भांडी घडत. सरांचे वडील, काका सगळे तेच करीत. सरांनीही कॉलेजला जाईपर्यंत हातोडा चालवला होता. समोरची एक खोली त्या कामाची होती. तिथे आता दिवाण आणि टेपरेकॉर्डर होता, पण कोपऱ्यातली ऐरण हलवलेली नव्हती. तिच्यावर धूळ बसलेली असे. त्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर, मध्ये एक पातळ भिंत आणि दाराच्या जागी पडदा.

एका रविवारी सरांनी मला चहाला बोलावले. चहा झाल्यावर त्यांनी वहिनींना आत कपबशा ठेवायला पाठवले, आणि त्या पडद्याआड गेल्याबरोबर, मी पहिल्यांदाच पाहत होते, सरांनी मफलराची गाठ सोडली.

"मॅडम, एक सांगायचं होतं. माझे कान चालले आहेत."

मी दिवाणावर जरा पुढे सरकले.

"आमच्या घरी हे असंच होते. ठोक्यांत जन्म गेला का पन्नाशीनंतर कान सोडून जातात. वडिलांचे गेले, काकाचे गेले. मफलर बांधला का लोक आपोआप जोरात बोलतात अन् कोणी 'बिचारा' म्हणत नाही. पाहा तुम्ही, बारा महिने येडा म्हणतात, पण बिचारा नाही म्हणत."

इतकी वर्षे आम्ही सर्वांनी ज्याला विक्षिप्तपणा म्हणून हसून सोडून दिले होते, तो इतका विचारपूर्वक बांधलेला होता. पण सरांचा मुद्दा तो नव्हता.

"कान गेले तं गेले. भूगोल बघायचा विषय आहे, निवृत्तीपर्यंत निघून जाईन. पण त्या फितीत एक चाल आहे मॅडम. त्या सगळ्या कल्लोळाच्या खालून चालते. पहिल्यांदा ऐकली तेव्हापासून मी तिच्यासाठीच लावतो ते. लोकांना वाटते मी ओरडणं ऐकतो. आता काही महिन्यांपासून ती मला ऐकू येत नाही. ढोल येतो, ओरडणं येते, ती येत नाही. आता अशी शंका येते, का ती होती तरी का? का मीच मनात घालून घेतली? मुळात हे गाणं जगात कोणी ऐकत नाही. मी ऐकलं नाही तं मंग कोण सांगन, होती म्हणून?"

त्यांचा आवाज थोडा चढला होता. बहिरा होत चाललेल्या माणसाला तो किती चढला हे समजत नाही.

"तुम्ही गाणं शिकलेल्या आहात."

मी दचकले. लहानपणी अमरावतीला मी काही वर्षे गाणे शिकले होते, हे खरे. पण परीक्षकांसमोर आवाज फुटला नाही तेव्हापासून मी कोणासमोर गायलेले नाही. सर म्हणाले, "पेपर तपासताना तुम्ही गुणगुणता. पूर्वी ऐकू यायचं मला. तुमचा कान चांगला आहे. तुम्ही फक्त ऐका अन् सांगा, आहे का नाही. खोटं सांगू नका."

"तुम्ही ती एकदा म्हणून दाखवलीत, तर शोधायला सोपे जाईल," मी म्हटले. मग तेच जरा मोठ्याने म्हटले.

"नाही नाही. मी म्हटली तं तुम्ही मलेच ऐकसान. पुरावा राहणार नाही." मग ते ऐरणीपाशी गेले आणि तिच्यावरच्या धुळीत बोटाने एक रेघ काढली. भूगोलाचा माणूस डोंगराचा उभा छेद काढतो तशी. "ही अशी आहे. पहिली टेकडी. मंग थोडं सपाट. दुसरी टेकडी, जरा उंच. तिसरी, तिच्यावर ती थांबते. खूप थांबते. अन् मंग एकदम दरी. बसकन मारते खाली, थकल्या बाईनं ओसरीवर बसावं तशी."

मी त्या रेघेकडे पाहत राहिले. माझ्या शिक्षणात असे कोणतेही स्वरलेखन नव्हते, पण मला ते समजले.

त्या हिवाळ्यात मी बरेच रविवार त्या खोलीत बसले. फीत सुरू होई: वारा, मोहोळ, ढोल, ओरडणे. मधूनच सारे थांबून एखादी तार एकटीच थेंब पडावा तशी वाजे, आणि त्या वेळी मला खरोखर कुठेतरी बर्फ पडत असल्यासारखे वाटे. ते मी सरांना सांगितलेही. "ते आहेच," ते म्हणत. "ते कोणालेही ऐकू येते." बाजू संपली की ते माझ्याकडे वळून विचारीत, "दिसली?" ते 'ऐकू आली' असे कधीच म्हणत नसत. मी नकारार्थी मान हलवी. "बरं," ते म्हणत. "पुढच्या रविवारी." ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

चालीविषयी त्यांची काही मते होती आणि ती ऐकून माझा गोंधळ वाढतच जाई. ती नेहमी एकाच जागी येत नाही, असे ते सांगत. कधी दुसऱ्या गाण्यात येते, कधी चौथ्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर येते, थंडीत उशिरा. "फीत तर एकच आहे ना सर?" मी विचारले. "नदी बी एकच आहे," ते म्हणाले, "पात्र सरकत नाही का?" शिवाय ती लाजाळू आहे, असे त्यांचे ठाम मत होते. "पाहुणे आले का येत नाही. वर्गात नाही आली. माझे साडभाऊ आले होते, तेव्हा नाही आली. तुमच्यासारखीच आहे ती, मॅडम. तुम्ही रोज येत राहिल्या का तुमची सवय होईन तिले."

पडद्यामागून वहिनी म्हणत, "अन् माही सवय झाली का नाही तिले, विचारा!" सरांना हे ऐकू जात नसे. वहिनी पोहे घेऊन बाहेर येत आणि आम्ही बसलेलो असू तोवर आमच्याबरोबरच बसत, पदराचा बोळा कानाशी धरून. मूळच्या त्या आंधळगावच्या. बोलणे सुरीसारखे आणि हात मोकळा.

"मॅडम, सांगून द्या ना बाप्पा एकदाची, आहे म्हणून," त्या मला म्हणत. "तुम्ही बी सुटसान अन् मी बी सुटन. लग्न होऊन आली तं या घरात ठोके. ठोके बंद झाले तं हे भूत. माह्या नशिबात शांत घर नाहीच."

"खोटे सांगू नका, असे त्यांनी बजावले आहे, वहिनी."

"मंग बसा ऐकत. तुमचे कान गेल्यावर तुमाले बी मफलर विणून देतो."

त्यांनी तो मफलर विणला होता, आणि तो का विणावा लागला हेही त्यांना माहीत होते. सर मात्र त्यांना ते माहीत नाही असे समजून, कानांचा विषय निघाला की कपबशांचे निमित्त काढून त्यांना आत पाठवत. त्या निमूट जात. या दोघांमध्ये कोण कोणापासून काय लपवीत होते, याचा हिशेब मी सोडून दिला होता.

एकदा मी सरांना विचारले, त्यांच्या वडिलांचे कान गेल्यावर काम कसे चालले. सर उठले आणि आतून पाण्याचा रिकामा गुंड घेऊन आले. पितळेचा, अरुंद गळ्याचा, वडिलांच्या हातचा. तो त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला. "असं. दुसऱ्याने वाजवायचं अन् त्यांनी हात लावायचा. हातात ऐकू येते म्हणत. भांडं जमत आलं का ठोक्याचा सूर चढत जाते, ते त्यांना तळव्यात समजे." मग गुंड माझ्या हातात देऊन त्यांनी त्यावर टिचकी मारली. माझ्या तळव्यांत मुंग्या आल्यासारखे झाले, एवढेच.

संक्रांत जवळ आली होती. त्या रविवारी मी पोचले तेव्हा सरांनी आवाजाची खुंटी शेवटपर्यंत फिरवलेली होती आणि ते टेपरेकॉर्डरच्या जाळीला कान लावून बसले होते. मी आल्याचे त्यांना कळले नाही. वहिनी पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझा हात धरला. "चला माह्यासंग नदीवर. इथं बसून डोकं फुटन. वाडीतल्या काकड्या आल्या म्हणते."

नदीचे पाणी ओसरले की आमच्याकडे वाळूत काकडी-टरबुजांच्या वाड्या लावतात. आम्ही पायऱ्या उतरून वाळूत गेलो. धुके अजून पुरते उठले नव्हते. पलीकडचे कारधा गाव दिसत नव्हते, नुसता पुलावरच्या ट्रकचा आवाज येत होता. वहिनी वेलांमध्ये वाकून काकड्या चाचपू लागल्या. मी त्यांच्यामागे पिशवी धरून उभी होते. आणि चाचपता चाचपता, माणूस कामात असताना स्वतःच्या नकळत करतो तसे, त्या गुणगुणू लागल्या.

मी आधी लक्ष दिले नाही. मग दिले. एक टेकडी, थोडे सपाट. दुसरी, जरा उंच. तिसरीवर स्वर थांबला, इतका थांबला की माझाच श्वास अडकला. आणि मग तो एकदम खाली बसला.

"वहिनी, हे काय आहे?"

"काय काय आहे?"

"हे आता म्हणत होतात ते."

"मी कुठं काय म्हणून राहिली?" त्या खरोखरच चकित झाल्या होत्या. मी, जिने परीक्षकांसमोर तोंड उघडले नव्हते, तिने त्या वाळूत त्यांची चाल त्यांना म्हणून दाखवली. माझा आवाज कापला, पण फुटला.

"हे होय!" वहिनी हसल्या. "हे तं असंच. भांडे घासताना येते तोंडात. आमच्या आंधळगावले धानाच्या रोवण्याच्या टायमाले बाया म्हणत, तसं काहीसं असन. नाही तं माहंच असन. कोणाले माहीत? सकाळी ह्यांचं भूत सुरू झालं का मी माहं सुरू करतो. कानाले तेवढाच इलाज."

मी पिशवी खाली ठेवली. मला ते एकदम समजले नाही, तुकड्यातुकड्याने समजले. घरी फीत लागे तेव्हा वहिनी पडद्यामागे भांडी घासत असत. उन्हाळ्यात लवकर, थंडीत उशिरा. पाहुणे आले की त्या बाहेर येऊन बसत आणि चाल येत नसे. वर्गात तर त्या नव्हत्याच. ठोक्यांच्या घरात वाढलेला, कल्लोळाच्या खालचे ऐकायला लहानपणीच शिकलेला माणूस, बर्फाळ मुलखातल्या कोणा अनामिकाच्या आरोळ्यांखाली इतकी वर्षे आपल्याच स्वयंपाकघरातला आवाज ऐकत होता. आणि कान जाऊ लागले तेव्हा तोच सर्वांत नाजूक म्हणून आधी गेला.

की तसे नव्हते? फितीत ती चाल होती आणि रोज भिंतीपलीकडून ऐकून ती वहिनींच्या तोंडी बसली होती? मी हेही मनात धरून पाहिले. दोन्ही बाजूंनी ते तितकेच खरे वाटत होते.

मला जे वाटले ते मी वहिनींना तिथेच सांगितले. सांगावे की नाही, यावर विचार करायला वेळ घेतला असता तर मी कधीच सांगितले नसते. काही त्यांनी पडद्याआडून ऐकलेच होते, तरी सरांनी काय विचारले आहे, काय हरवले आहे, ऐरणीवर कोणती रेघ काढली आहे, सगळे सांगितले. वहिनी काकडी हातात धरून ऐकत होत्या.

"म्हणजे हे माह्यासाठी लावत होते का ते भूत?" शेवटी त्या म्हणाल्या.

"तसे त्यांना माहीत नाही."

"येडाच आहे बाप्पा माणूस," त्या म्हणाल्या आणि झपाझपा पायऱ्या चढू लागल्या. काकड्या तिथेच राहिल्या.

घरात फीत संपून नुसती घरघर चालली होती. सर तसेच बसले होते. गाणे संपलेले त्यांना कळले नव्हते. वहिनी आत गेल्या, गुंड घेऊन आल्या, त्यातले उरलेले पाणी त्यांनी अंगणात फेकले आणि गुंड सरांच्या मांडीवर आदळला.

"धरा."

सरांनी आमच्या दोघींच्या तोंडांकडे पाहिले आणि तो तळव्यांत धरला. वहिनी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "या वयात गुंडात तोंड घालायले लावलं मले," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि गुंडाच्या गळ्याला ओठ लावून गुणगुणू लागल्या.

पितळेतून तो आवाज फार जाडसर येत होता. पहिली टेकडी. सरांच्या चेहऱ्यावर काही नव्हते. वर्गातले मूल चुकीचे उत्तर देईल याची वाट पाहणारा शिक्षक तेवढा होता. दुसऱ्या टेकडीला त्यांची हनुवटी उचलली गेली. तिसऱ्या टेकडीवर वहिनी थांबल्या, थांबून राहिल्या. आणि त्या खाली उतरण्याच्या आधी, नक्कीच आधी, मी ते डोळ्यांनी पाहिले आहे, सरांचे दोन्ही हात गुंडासकट हळूच खाली बसले.

"आहे!" सर ओरडले. त्यांना वाटले असेल की ते बोलले. "आहे ना! हीच आहे, मॅडम! फितीत आहे ना?"

प्रश्न मला होता. मी वहिनींकडे पाहिले. ती चाल त्यांची होती. निदान त्या तसे आत्ताच वाळूत म्हणाल्या होत्या. इतकी वर्षे ज्या फितीला त्यांनी शिव्या दिल्या, तिच्यावर सूड उगवायला याहून चांगला क्षण नव्हता. वहिनींनी मफलराचे एक टोक सरांच्या खांद्यावर नीट टाकले, पुन्हा गुंडाच्या गळ्याला तोंड लावले आणि आत दोनच शब्द बोलल्या.

"आहे जी."

मग त्या उठल्या, कॅसेट उलटी करून लावली आणि पडदा सारून स्वयंपाकघरात गेल्या.

वारा आला. मोहोळ उठले. ढोल, ओरडणे. सर तळवा जाळीवर ठेवून बसले होते आणि त्यांना आता बहुधा त्या तळव्यापुरतेच ऐकू येत होते. आत भांड्यांचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने त्या सगळ्या कल्लोळाच्या खालून, पूर्वीपेक्षा मोठ्याने, ती आली. टेकडी, सपाट, टेकडी. आणि मी कितीही कान दिला तरी ती पडद्यामागून येत होती की जाळीमधून, हे मला वेगळे करता येईना. बर्फाचे ते जंगल आणि भांड्यांचे ते स्वयंपाकघर एकाच जागी होते.

सर माझ्याकडे वळले. "दिसली?"

मी होकारार्थी मान हलवली. फितीला की स्वयंपाकघराला, ते त्यांनी विचारले नाही. आणि त्यांनी विचारले असते, तर मला सांगता आले नसते.